सोहोनीकाकांच्या चिठ्ठ्या

सोहोनीकाकांनी पहिल्याच भेटीत माझ्या हातात दुसऱ्याचं मूल दिलं. निनादला फुटबॉलच्या क्लबात घालायचं म्हणून मी त्याला घेऊन विश्रांतवाडीच्या मैदानावर गेले होते. फॉर्म, फोटो, बुटांचं माप असं काही विचारतील म्हणून तयारीत होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हाताला कोपरापर्यंत चुना लागलेला, असे एक सत्तरीचे गृहस्थ आले. त्यांनी खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून मला दिली आणि म्हणाले, "रविवारी येरवड्याला मॅच आहे. हे मूल त्या दिवशी आपलं." चिठ्ठीवर सुबक, ठळक अक्षरात लिहिलं होतं : फैजान, वय आठ, डाव्या गुडघ्याला जपावे.

"आणि माझा मुलगा?" मी विचारलं.

"त्याचं आपण कशाला बघताय? तो दुसऱ्या कुणाच्या तरी चिठ्ठीवर आहे."

हा त्या क्लबाचा कायदा होता. बाहेर मॅच असली की येणाऱ्या प्रत्येक आईबापाला एकेक चिठ्ठी मिळायची आणि तिच्यावर स्वतःच्या मुलाचं नाव कधीच नसायचं. त्या मुलाच्या बुटाची नाडी बांधायची, त्याला पाणी द्यायचं, तो हरून रडला तर जवळ घ्यायचं आणि शेवटी त्याला परत आणून मैदानावर काकांसमोर उभं करायचं. तोवर आपलं पोरगं समोर चिखलात लोळत असलं तरी तिकडे बघायचं नाही. मला हे सगळं अतिशय विचित्र वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. मी शाळेत भूगोल शिकवते, गप्प बसण्याचा माझा लौकिक नाही.

"अहो बाई," काका म्हणाले, "स्वतःच्या पोराकडे बघायला शिकवावं लागत नाही. ते मांजरीलाही येतं. त्याच्यासाठी क्लब कशाला काढायचा?"

काका मूळचे नारायण पेठेतले. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांची उमर गेली आणि निवृत्तीनंतर ते मुलाकडे विश्रांतवाडीला राहायला आले. रोज सकाळी दोरी ताणून, वाकून ते मैदानावर चुन्याच्या रेघा मारत. त्या रेघेबाहेर गेलेला बॉल कुणी हळूच आत ओढला की पलीकडून आवाज यायचा, "ती रेघ आहे, विनंती नव्हे." एकदा एका मुलाचे वडील पंचांशी हुज्जत घालायला मैदानात शिरले. काका शांतपणे त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "आपण शिट्टी आणली आहे का? नाही ना? मग या इकडे सावलीत." काका गेल्याला आता वर्ष होत आलं, पण त्या मैदानावर कुणी आवाज चढवला की अजूनही कुणीतरी शिट्टीची चौकशी करतंच.

त्यांच्या कायद्याला सगळ्यात जास्त विरोध केला होता तो दत्ताशेठनी. हे धानोरीच्या बाजूचे, पैलवानी अंगाचे, जमिनीच्या धंद्यात चांगले स्थिरावलेले गृहस्थ. आपल्या मुलाची चिठ्ठी फैजानच्या वडिलांकडे, म्हणजे एका रिक्षावाल्याकडे गेलीय म्हटल्यावर ते तडक काकांसमोर येऊन उभे राहिले. "काका, माझं पोरगं रिक्षातनं येनार व्हय? दारात एवढी गाडी हाय की!"

"गाडी मोठी आहे, हे मी पाहिलंय," काका म्हणाले. "म्हणूनच आपल्याला एक चिठ्ठी नाही, तीन दिल्यात."

दत्ताशेठ तणतणत गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या गाडीतून तीन पोरं उतरली, तिघांच्या तोंडाला कुल्फी आणि सगळ्यात धाकटं शेठच्या खांद्यावर झोपलेलं. पुढच्या खेपेला तेच विचारत होते, "काका, मला कमीच दिली की हो!"

अशा माणसाच्या यादीत जिनं भोक पाडलं, ती मी.

लोणी काळभोरला स्पर्धा होती. माझ्या चिठ्ठीवर त्या दिवशी काकांची नात होती. सई, वय नऊ, आमची गोलकीपर. निनाद दत्ताशेठकडे होता. शेवटची मॅच संपता संपता निनाद दुसऱ्या एका मुलावर आपटला आणि त्याची हनुवटी फुटली. दत्ताशेठ रुमाल घेऊन धावले होते, त्यांनी जखम दाबून धरलीही होती. पण मला फक्त रक्त दिसलं. मी निनादला त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं, गाडीत टाकलं आणि हडपसरच्या दवाखान्यात नेलं. तीन टाके पडले. सई तेव्हा मैदानामागच्या नळावर पाय धूत होती.

आता गंमत बघा. कुठल्याही दुसऱ्या क्लबात कुणीतरी सहज विचारलं असतं की ही पोरगी कुणाबरोबर जाणार आहे? आमच्याकडे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. सई कानडेबाईंच्या, म्हणजे माझ्या, चिठ्ठीवर, म्हणजे सई बाईंच्या गाडीत. कायदा इतका अंगवळणी पडला होता की सगळे निर्धास्तपणे आपापलं मूल घेऊन निघून आले.

पाचच्या सुमाराला मी विश्रांतवाडीच्या मैदानावर पोचले, ती निनाद ठीक आहे हे सांगायला. काका यादी वाचून खुणा करत होते. त्यांनी वर पाहिलं, आधी निनादच्या हनुवटीकडे, मग माझ्या गाडीकडे. "आणि सई?"

चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. वीस वर्षं शाळेच्या सहलींत पोरं मोजणारी मी बाई, एक पोर मागे ठेवून आले होते.

काकांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली. दत्ताशेठनी गाडी काढली. काका पुढे बसले, मी मागे. मुंढव्याच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा मला वाटलं, काकांनी माझ्यावर ओरडावं, काहीही बोलावं, पण ही शांतता नको. अखेर ते बोलले, मागे न बघता. "तिच्या बाटलीत पाणी होतं का?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं आणि तोंडात पदर कोंबला.

लोणीचं मैदान रिकामं होतं. गोलच्या खांबाला एक शेळी बांधलेली. नळावर कुणी नाही. काकांनी "सई" म्हणून हाक मारली, ती त्या खांबापर्यंतही पोचली नाही. मग दत्ताशेठनी अशी आरोळी ठोकली की शेळी उठून उभी राहिली. आणि मैदानामागच्या घरांतून एका बाईचा आवाज आला, "हिकडं हाय, हिकडं!"

सई एका ओट्यावर मांडी घालून पिठलं-भाकरी खात होती. गोलकीपरचे हातमोजे शेजारी नीट ठेवलेले. ती घरची बाई कमरेवर हात ठेवून आमच्यावर कडाडली, "कसली मान्सं हो तुमी? एवढीशी पोर ठिवून जाता? फोन लावती म्हनलं तर लावू देईना. म्हनती, मी आज कानडेबाईंकडं हाय, त्या येत्यात."

"आलात ना?" सई मला म्हणाली आणि तिनं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

मी तिथेच उभी राहून ओक्साबोक्शी रडले. काका ओट्याच्या कडेला बसले, तांब्याभर पाणी प्यायले, पुन्हा एक तांब्या मागितला. मग त्या बाईंना हात जोडून म्हणाले, "चूक आमची आहे." 'यांची' म्हणाले नाहीत.

पुढचा आठवडा वाईट गेला. दोघातिघांनी सरळ सांगितलं, आता ज्यानं त्यानं आपापलं मूल बघावं, बास झालं हे चिठ्ठ्यांचं. त्यांचं काय चुकलं? मीच ठरवलं होतं की रविवारी जाऊन निनादचं नाव काढून घ्यायचं. माझ्या एका चुकीनं काकांचं एवढ्या वर्षांचं काम मोडणार, हे मला मैदानाच्या कडेला उभं राहून बघवणार नव्हतं.

रविवारी मॅचला निघण्याआधी काकांनी सगळ्यांना झाडाखाली बोलावलं. "यादीत एक दोष होता," ते म्हणाले. "रक्त दिसलं की आई धावणार, हे नकाशा काढणाऱ्यानं धरायला हवं होतं. ते मी धरलं नव्हतं. आजपासून प्रत्येक चिठ्ठीवर मोठ्यांची दोन नावं. एक धावला तर दुसरा उभा राहील. आणखी कुणाला काही म्हणायचंय?" दत्ताशेठ म्हणाले, "दुसरं नाव माझं टाका, कुटं बी." चिठ्ठ्या नको म्हणणाऱ्यांनीही हात पुढे केले.

मग काका चिठ्ठ्या वाटत माझ्यापर्यंत आले. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : सई, वय नऊ.

"काका, नको," मी म्हटलं. "मला नाही जमायचं. दुसऱ्या कुणालाही द्या."

"अहो बाई, या मैदानावर तिला जन्मात विसरणार नाही अशी खात्री असलेलं एकच माणूस आहे. ते सोडून मी दुसऱ्याला कशाला देऊ? मी सरकारी खात्यात होतो, मूर्ख नव्हतो." आणि ते चुन्याची बादली उचलून चालू लागले.

चिठ्ठी हातात धरून मी उभी होते. सई पळत आली, हातमोजे चढवत माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "बाई, आजपण विसरलात, तर मी कुठे थांबू?"

तिच्या आवाजात राग नव्हता, भीतीही नव्हती. डबा कुठे ठेवू, असं विचारावं तसं ती विचारत होती. आठ दिवस छातीवर बसलेलं काहीतरी एकदम उतरलं. मी गवतावर मटकन बसले आणि इतकी हसले, इतकी हसले की सगळे वळून बघायला लागले.