सात तासांचा थांबा

चांगुणाबाईंनी एसटीत पंचवीस वर्षं कंडक्टरकी केली आणि त्या पंचवीस वर्षांत त्यांचा एकही प्रवासी थांब्यावर मागे राहिला नाही. हे त्या स्वतःच सांगतात. महिन्यातून एकदा तरी सांगतात, त्यामुळे नगरच्या सावेडीतल्या त्यांच्या गल्लीला ते पाठ झालेलं आहे. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसला तरी त्या थांबत नाहीत. एकदा ठरवलं की कुणाचा चेहरा बघून बदलायचं, हा त्यांचा स्वभावच नाही.

नोकरीला लागल्या तेव्हा त्या तेहेतीस वर्षांच्या होत्या आणि मुलगा महेंद्र आठ वर्षांचा. बाई माणूस गाडीत तिकिटं फाडणार म्हणून भावकीत कुजबुज झाली. उत्तमरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, ती कानाआड केली आणि चांगुणाबाईंनी तर ऐकलीच नाही. त्रास एकाच गोष्टीचा झाला. एक दिवसाआड मुक्कामी गाडी असायची. संध्याकाळी जायचं, रात्री कुठल्यातरी गावात राहायचं, सकाळी परत. लहानगा महेंद्र दप्तर भरता भरता विचारायचा, "आई, आज तू घरची का गाडीची?" त्याचं उत्तर देताना त्यांनी पुष्कळदा तोंड फिरवलेलं आहे.

आता उत्तमराव नाहीत, चांगुणाबाई निवृत्त आहेत आणि महेंद्र कॅनडात टोरांटोजवळ ट्रकच्या सुट्या भागांच्या गोदामात सुपरवायझर आहे. तो गेला तेव्हा सून सायलीला दिवस गेलेले होते. पुढे सम्यक झाला. तो आता तेरा महिन्यांचा, आणि त्याची बहीण संस्कृती साडेचार वर्षांची. बाप कसा असतो ते सम्यकने मोबाईलवरच पाहिलं होतं. मोबाईल वाजला की तो "बाबा" म्हणायचा, मग फोन गॅसवाल्याचा का असेना.

मार्चमध्ये तिघांचे व्हिसे आले. घरात पेढे वाटले गेले आणि दुसऱ्याच दिवशी सायलीचा धीर सुटला. सायली शाळेत शिकवायची, चाळीस पोरं एका आवाजात गप्प करायची. पण दोन लेकरं घेऊन एकटीने एवढा लांबचा विमानप्रवास करायचा म्हटल्यावर तिला झोप येईना. महेंद्रला नवी नोकरी, सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. चांगुणाबाईंना व्हिसा नव्हता.

महेंद्रने व्हिडिओ कॉलवर तिकिटं दाखवली. मुंबईहून इस्तंबूल सात तास, तिथे विमान बदलायचं, पुढे टोरांटो साडेदहा तास.

"यात मध्ये फक्त एक तास वीस मिनिटं आहेत," तो म्हणाला. "उतरायचं आणि लगेच दुसऱ्यात बसायचं. पोरांना जितका कमी वेळ बाहेर, तितकं बरं."

चांगुणाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"विमानाचं दार किती आदी लावत्यात?"

"वीस-पंचवीस मिनिटं आधी."

"आनि उतरायला? मागच्या शिटावर बसलं तर?"

"लागतो अर्धा तास."

"म्हंजे उरला अर्धा तास. त्यात एक कडेवर, एक हाताला, पोरीला सू, पोराचा लंगोट, आनि दुसरं विमान कुठं लागलंय ते हुडकायचं. मह्या, तू कंदी लेकरं घिऊन गाडी बदलली का?"

महेंद्रने बदलली नव्हती. तेवढ्यात सायलीने मनात दडवलेलं बोलून टाकलं.

"आई, मी म्हणते, सम्यक तीन वर्षांचा झाला की जाऊ. चालता-बोलता होईल. तोपर्यंत इथंच राहते तुमच्याजवळ."

खरं तर हे ऐकून चांगुणाबाईंना बरं वाटायला हवं होतं. दोन वर्षं नातवंडं घरात, सून जवळ, दुखलंखुपलं तर बघायला माणूस. क्षणभर बरं वाटलंही, ते त्यांनी मागाहून कबूल केलं. मग त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "माज्या लेकानं आई निम्मीच बगितली. त्याच्या लेकरांनी बाप फोनवर बगायचा न्हाई. तू जायचं. कसं जायचं ते आपन बसवू."

बसवू म्हणजे काय, ते सायलीला पुढच्या रविवारी कळलं. तीन पिशव्या, दोन पोरं आणि सासू असा सगळा लवाजमा तारकपूरच्या स्टँडवर शिर्डीच्या गाडीत चढला. राहुरीला उतरायचं, तिथे सगळं उरकायचं आणि मागून येणाऱ्या गाडीत पुन्हा चढायचं, अशी तालीम होती. चाळीस मिनिटं ठरली. चांगुणाबाईंनी मनगटावरचं घड्याळ मिनिटाला मिनिट लावून घेतलं होतं.

तालमीचा पुरता बोऱ्या वाजला. राहुरी यायच्या दहा मिनिटं आधी संस्कृतीचा डोळा लागला. ठरल्याप्रमाणे तिला उठवलं आणि तिने स्टँड डोक्यावर घेतला. तिचं ऐकून सम्यक रडायला लागला. सायलीने त्याला सासूकडे दिलं, मग पिशवी दिली, मग बाटली दिली, आणि बघता बघता सगळंच चांगुणाबाईंच्या अंगावर आलं. सव्वा तास गेला. मागची गाडी तर केव्हाच येऊन गेली होती.

"ह्याला तालीम म्हनत न्हाईत," परतताना चांगुणाबाई म्हणाल्या. "मी हाय म्हनून तू माज्याकडं देतीस. तिथं कुनाकडं देशील?"

म्हणून पुढच्या वेळी त्या आधीच्या गाडीने एकट्याच पुढे गेल्या आणि राहुरीच्या स्टँडवर खांबाला टेकून तिकीट तपासनिसासारख्या उभ्या राहिल्या. मागच्या गाडीने सायली पोरांना घेऊन उतरली. संस्कृतीने आजीला पाहिलं आणि पळत येऊन कंबरेला मिठी मारली. चांगुणाबाईंनी तिला गोंजारलं, पण पिशवीला हात लावला नाही. सायलीचा घाम निघत होता. पोटाशी बांधलेला सम्यक तिचे केस ओढत होता. बाजूला बसलेल्या एका म्हातारीने "कसली म्हनायची ही सासू" असं सायलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. सासूलाही ते ऐकू गेलं, पण त्या घड्याळाकडे बघत राहिल्या. पंचावन्न मिनिटं लागली.

तिसऱ्या रविवारी दोन पिशव्या कमी झाल्या. एकच पाठीवरची सॅक, त्यात वरच्या कप्प्यात लंगोट आणि एकेक कपडा, खालच्या कप्प्यात खाणं. उतरल्याबरोबर आधी पोरीला सू, मग पोराचा लंगोट, मग पाणी, आणि खाणं सगळ्यात शेवटी. संस्कृती या वेळीही उतरल्याबरोबर आजीला बिलगली आणि आईला म्हणाली, "बघ, थांबा आला की आजी असतेच." दोघी हसल्या. त्या हसण्याची किंमत पुढे मोजावी लागणार होती, पण तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या दिवशी बाकी एक झालं. दुपारचे दोन वाजले होते. सगळं आटोपल्यावर संस्कृती बाकड्यावर सॅकला डोकं लावून झोपली, सम्यकही आईच्या पोटाशी झोपला. दोघंही तासभर हलली नाहीत. उठली ती हसत उठली आणि गाडीत बसून नगरपर्यंत शहाण्यासारखी आली.

चांगुणाबाईंनी त्याच संध्याकाळी लेकाला फोन लावला.

"आपलं चुकत हुतं. मी थांबा घड्याळावर बसवत हुते. लेकरांचा थांबा झोपंवर बसवायचा. नगरात दोनला ती झोपत्यात. दोनच्या टायमाला इस्तंबूलला पोचनारं विमान हाय का?"

महेंद्रने शोधलं. सकाळी सातला मुंबईहून सुटणारं होतं. आपल्या दुपारी दोनला पोचायचं. पुढचं विमान रात्री नऊला, आपल्याच नऊला.

"पण आई, मध्ये सात तास होतात. आणि तिथं तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात."

"तिथं किती का वाजंनात. पोरांच्या पोटातलं घड्याळ नगरचं हाय. दोनला झोपतील, पाचला उठतील, खेळतील, जेवतील, आनि नवाला विमानात बसली की पुन्ना झोपतील. सात तास मला पायजेतच. झोपायला जागा बग."

विमानतळाच्या आतच, व्हिसा न लागता, तासांवर खोली मिळते असं निघालं. महेंद्रने ती घेतली. सायलीला सासूने बजावलं की घड्याळाचा काटा टोरांटोपर्यंत हलवायचा नाही. सायली आता हसत होती. "जमेल, आई," असं पहिल्यांदा ती आपणहून म्हणाली.

निघायच्या दिवशी सायलीचे वडील त्यांना मुंबईला सोडायला गेले. चांगुणाबाई गेल्या नाहीत. विमानतळाच्या दारात पोरगी गळ्यात पडली तर सुटणार नाही, हे त्या ओळखून होत्या. त्यांनी फाटकातूनच हात हलवला आणि घरात येऊन पोरांच्या चादरी धुवायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सगळं बसवल्यासारखं होत गेलं. अडीचला सायलीचा निरोप आला, पोचलो. सव्वातीनला फोटो आला, दोघंही खोलीत आडवी. चांगुणाबाईंनी तो शेजारच्या कडूबाईला दाखवला, गल्लीत आणखी चार जणींना दाखवला, आणि आपल्या पंचवीस वर्षांचं पुन्हा एकदा सांगितलं. कडूबाई मग तिथेच बसली. त्यांना एकटं सोडू नये असं तिला वाटलं असणार.

आठ वाजता फोन वाजला. सायलीचा आवाज फाटलेला होता.

"आई, ही ऐकत नाहीये. उठल्यापासून तुम्हालाच शोधतेय. थांबा आला की आजी असते म्हणते. दुसऱ्या विमानाच्या रांगेत यायलाच तयार नाही, खाली लोळतेय. माझ्या पोटाशी सम्यक आहे, मी हिला उचलू कशी? लोक बघतायत. आई, परत येऊ का मी?"

राहुरीचा खांब चांगुणाबाईंना लख्ख दिसला. सुनेची तालीम घेता घेता नातीलाही एक गोष्ट शिकवली गेली होती, आणि ती शिकवणाऱ्या त्या स्वतःच होत्या.

"तुम्ही एवढंच सांगा," सायली म्हणाली, "की तुम्ही पुढच्या थांब्यावर आहात. टोरांटोला उभ्या आहात म्हणा. लगेच उठेल ती."

ते खरंच सोपं होतं. पोरगी उड्या मारत विमानात चढली असती. पण गाडी येणार नाही हे ठाऊक असताना "आत्ता येईल" असं चांगुणाबाईंनी जन्मात कुणाला सांगितलेलं नव्हतं. आणि टोरांटोला उतरल्यावर ती पोर बापाच्या खांद्यावरून आजीलाच हुडकत राहिली असती. बाप पुन्हा अर्धाच मिळाला असता.

"दे तिला," त्या म्हणाल्या.

"आजी, तू कुठं उभी आहेस?"

"मी घरी हाय, बाळा. नगरला."

"मग ये ना. थांबा आलाय."

"ह्या थांब्यावर आजी न्हाई. फुडच्या बी न्हाई. फुडं तुजा बाबा उभा हाय."

"मला बाबा नको. मला तू पाहिजे."

चांगुणाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी न्हाई येनार, संस्कृती. मम्मीचा हात धर, रांगेत जा. मी आता फोन ठेवते."

पलीकडून किंकाळी आली तशी त्यांनी फोन ठेवला. लगेच पुन्हा वाजला. त्यांनी तो हातात धरला, वाजू दिला, आणि तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बंदच करून टाकला.

"अवं, काय बाई हाय का कोन," कडूबाई उठून उभी राहिली. "लेकरू तिकडं टाहो फोडतंय. दोन शब्द गोड बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

"मी बोलत ऱ्हायले तर ती माज्याशीच बोलत बसंल," चांगुणाबाई म्हणाल्या. "मी न्हाई म्हनल्यावरच ती आईचा हात धरनार."

"आनि न्हाई धरला तर?"

नाही धरला तर सायली परत येणार होती, आणि एकदा परत आलेली पुन्हा निघणार नव्हती, हे चांगुणाबाईंना कडूबाईपेक्षा जास्त कळत होतं. त्या कॉटवर ताठ बसून राहिल्या. बंद फोन त्यांनी मांडीखाली दाबून धरला. कडूबाई फुरंगटून भाकरी थापायला आत गेली आणि आतूनही बोलत राहिली. निर्दय म्हणाली, दगड म्हणाली.

सव्वानऊला त्यांनी फोन चालू केला. सायलीचे सहा कॉल येऊन गेलेले होते. त्यांच्याखाली एक निरोप होता, नऊला वीस कमी असतानाचा. त्यांनी चष्मा लावून तो वाचला.

"बसलो आई. लोळून लोळून दमली, मग स्वतःच उठली आणि माझा ड्रेस धरून चालायला लागली. तुमच्याशी कट्टी घेतलीय, आजीशी कधीच बोलणार नाही म्हणते. आता सम्यकला पाणी पाजतेय. दार लागलं."

कडूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "काय झालं? बसली का?"

"बसली," चांगुणाबाई म्हणाल्या. "माज्याशी बोलनार न्हाई म्हन्ती."

एवढं बोलून त्या रडायला लागल्या, आणि कडूबाईने पिठाचे हात तसेच त्यांच्या पाठीवर ठेवले तरी कितीतरी वेळ थांबल्या नाहीत.