नक्की ना?

आमच्या शेजारचे काका कुठलीही गोष्ट दोनदा विचारतात. कोळणीने बांगड्याचा भाव सांगितला की म्हणतात, "एवढाच ना? नक्की?" ती बिचारी गोंधळते आणि कधीकधी भाव उतरवतेही.

काकांचा जन्म गेला मुंबईत, रेसकोर्सवर पैसे लावायच्या तिकीट खिडकीत. निवृत्त होऊन रत्नागिरीला आले, तरी पेपरातलं रेसचं पान आधी वाचतात. स्वतः मात्र घोड्यावर कधी एक रुपया लावला नाही.

मी करसल्लागार. परवा पडवीत चहा पिताना त्यांनी विचारलं, "रेसचा कर बदललान म्हणतात, म्हणजे काय केलान?"

"पूर्वी क्लबच्या कमिशनवर कर होता. आता माणूस जेवढे पैसे लावतो त्या सगळ्यावर."

"सगळ्यावर? घोडा सुटायच्या आधीच?"

"आधीच."

"नक्की?"

"नक्की, काका. तेवढाच जुगार कमी होईल."

ते हसले. "मी तेच करायचो. कुणी घोड्याचा नंबर सांगितलान की परत विचारायचो, 'चारच ना? नक्की?' रोज दोघं-तिघं तरी गप मागं फिरायचे. खिडकी हळू चालते म्हणून साहेब माझ्यावर ओरडायचा."

"मग या करानं लोक थांबतील ना?"

काकांनी बशीतला चहा संपवला.

"खिडकीवर यायचे थांबतील. चोरून फोनवर लावतील, तिथं कर नाय." बशी खाली ठेवत म्हणाले, "आणि फोन परत विचारत नाय."