तिला वर ने, तिला खाली आण

मेव्हिस हेबडिच शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्या, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नाही. जेवणाच्या सुट्टीत शंभर पोरांना ओळीत उभं करणारा तो आवाज आता सॉमरसेटमधल्या आमच्या गावच्या चर्चच्या मनोऱ्यात घुमतो. तिथं सहा मोठ्या घंटा आहेत आणि त्या वाजवणाऱ्या मंडळींच्या मेव्हिसबाई म्होरक्या. इथं सगळे त्यांना नुसतं मेव्हिस म्हणतात. माझ्या आईच्या वयाच्या बाईला असं हाकारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी ‘बाई’ जोडलं. त्यांना वाटलं, मी माझं आडनावच त्यांना लावतेय.

त्या मंडळींतल्या रॉनचा खांदा धरला आणि सहातली एक दोरी रिकामी राहिली. त्याच सुमारास मेव्हिसबाई एकदा माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“तू दर गुरुवारी संध्याकाळी सरावाच्या वेळी कुंपणाशी उभी राहून ऐकतेस. मी पाहते. वाजवायला येशील?”

“मी तुमच्या चर्चची नाही.”

“घंटाही कुठं प्रार्थनेला येतात. त्या तर वरच असतात. तुझा देव रागावेल का?”

“घंटा वाजवली म्हणून कुठला देव रागावेल?” मी म्हटलं. तुळशीपुढचं निरांजन तेवढं नीट ठेवलं आणि त्यांच्याबरोबर निघाले.

माझं इंग्रजी मराठी शाळेतलं. एका शब्दाला एक अर्थ, तो पाठ करायचा. इथं आल्यावर कळलं, की ही माणसं मोठे शब्द कपाटात ठेवतात आणि दिवसभर ‘पुट’, ‘टेक’, ‘गेट’ असल्या चार-पाच चिमुकल्या क्रियापदांवर संसार करतात. त्यांच्यामागे एक शेपूट लावायचं, की अर्थ पालटला. ‘पुट ऑन’ म्हणजे अंगात घालणं, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणं, आणि ‘पुट अप’ला आणखी एक शेपूट जोडलं की नवऱ्याला सोसणं. हा शेवटचा अर्थ मला मेव्हिसबाईंनीच सांगितला.

मनोऱ्यात तर सगळा कारभार असल्याच शब्दांवर चालतो, कारण दोरी हातात असताना लांबलचक वाक्य ऐकायला कुणाला सवड नसते. आधी घंटेला झोके देत देत तोंड आभाळाकडे करून उभी करायची, यालाच घंटा वर नेणं म्हणतात. मग प्रत्येक ओढीला ती पूर्ण गरका घेते. दोरीवर लोकरीची जाड मूठ असते. ती धरायची, ओढायची आणि वेळेवर सोडायची. नाही सोडली तर माणूस दोरीबरोबर छताकडे निघतो. घंटा इथं नेहमी ‘ती’ असते. “पुल हर ऑफ,” म्हणजे तिला ओढून सोड, “लेट हर अप,” म्हणजे तिला वर जाऊ दे, असं मेव्हिसबाई ओरडायच्या, आणि ती ‘हर’ सदा मध्ये, नवराबायकोच्या मधोमध झोपलेल्या लेकरासारखी. मी पहिल्या काही आठवड्यांत मनातल्या मनात त्याचं मराठी करत बसायची, तोवर घंटा होऊन गेलेली असायची.

“पोरी, विचार करू नकोस,” मेव्हिसबाई म्हणाल्या. “हातांना ऐकू दे.”

“आमच्याकडेही असं आहे,” मी दम खात सांगितलं. “आम्ही म्हणतो, खाऊन टाक.”

“म्हणजे?”

“खा, आणि टाक.”

दोरी गुंडाळणारा डेरेक थांबला. तो सफरचंदाच्या बागेचा मालक, अंगानं कोठारासारखा, म्हणून सगळ्यांत जड घंटा त्याची. “खाल्ल्यावर टाकायचं काय?” त्यानं विचारलं.

“काहीच नाही. संपवायचं, एवढंच.”

“आणि आम्हाला वेडे म्हणते,” डेरेक म्हणाला.

मेव्हिसबाईंना मात्र ते फार आवडलं. त्यांनी ते दोन शब्द माझ्याकडून चारचारदा म्हणवून घेतले.

नोव्हेंबरात त्यांच्या नातीचं, टॅमसिनचं, लग्न ठरलं. मेव्हिसबाईंनी तिला शब्द दिला होता, की तू नवऱ्याचा हात धरून बाहेर पडशील तेव्हा सहाच्या सहा वाजतील. त्याला कारण होतं. त्यांच्या स्वतःच्या लग्नात तीनच वाजल्या. बाकीचे तिघे वाजवणारे सकाळपासून सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, पिऊन गवताच्या गंजीत पडले होते. “इतकी वर्षं झाली,” त्या म्हणायच्या, “पण मी अजून त्या तिघींची वाट पाहते.”

लग्नाच्या आधीच्या रविवारी युद्धात गेलेल्यांची आठवण असते. त्या दिवशी प्रत्येक घंटेच्या आतल्या लोलकाला एका बाजूनं चामड्याची टोपी बांधतात. मग एक टोला मोठा पडतो आणि पुढचा दबका, जणू दूरवरून कुणी उत्तर देतंय. ते ऐकताना माझे हात आपोआप जोडले जातात. त्या टोप्या त्याच संध्याकाळी काढायच्या असतात. गुरुवारचा सराव इथल्या नोव्हेंबरातल्या दिव्यांच्या मिरवणुकीपायी रद्द झाला, सगळं गाव तिकडे लोटलं होतं. आणि शनिवारी, वऱ्हाडी जमत असताना, आम्ही सहा जणांनी घंटा वर न्यायला सुरुवात केली. एक टोला खणखणीत. दुसरा गोधडीखालून आल्यासारखा.

मेव्हिसबाईंचा चेहरा पिठासारखा झाला.

“डेरेक, टोप्या तू काढवून घेतल्यास ना?”

“तू म्हणालीस, ज्या पोरानं बांधल्या त्यालाच मी पाठवते.”

“म्हणाले होते,” त्या हळूच म्हणाल्या. “मग केकवर साखर चढवायला बसले.”

खाली नवरीची गाडी थांबल्याचा आवाज आला. मग तो शाळेतला आवाज परत आला, “खाली आणा. सगळ्यांनी.” घंटा वर तोंड करून असताना त्यांच्यात पाऊल टाकणं म्हणजे जीव देणं, म्हणून आधी त्या खालीच आणाव्या लागतात. त्या निवल्या तेव्हा खाली ऑर्गन सुरू झाला होता. नवरी घंटांशिवायच आत गेली.

आमच्या मधल्या माळ्यावरून घंटांकडे जाणारी शिडी अरुंद, वरचं झाकण त्याहून अरुंद. डेरेक त्यातून मावत नव्हता आणि मेव्हिसबाईंचे गुडघे चढू देत नव्हते. बाकीच्यांनी एकमेकांच्या पोटांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी काठापदराची साडी नेसले होते. निऱ्या वर खोचल्या, गणपतीचं नाव घेतलं आणि चढले.

वर ओलावा, कबुतरांची घाण आणि काळं वंगण. चामड्याचे पट्टे फुगून बसलेले. झाकणातून मेव्हिसबाई कुजबुजत सूचना देत होत्या, पण तो गळा कुजबुजण्यासाठी घडलेलाच नव्हता.

“अन्‌डू इट. पुल इट थ्रू. नाऊ टेक इट ऑफ.”

मी सोडवलं, आरपार ओढलं, काढलं.

“हँड इट डाउन. डोंट ड्रॉप इट.”

मी खाली दिलं. पुढची. त्याच्या पुढची. मधूनच डेरेकचा आवाज आला, “मेव्हिस, मागच्या बाकावरचे वर बघताहेत.”

“बघू दे. देवाच्या घरी आलेत, वरच बघायचं.”

डेरेकच्या घंटेची टोपी काही निघेना. खाली पाद्रीबाबांनी नवरानवरीला आशीर्वाद दिल्याचं ऐकू आलं. मी पट्टा दातात धरून ओढला आणि तो सुटला. शिडीवरून उतरताना माझ्या लक्षात आलं, की इतक्या वेळात मी एकाही शब्दाचं मराठी केलं नव्हतं.

“आता त्यांना उभं करायला वेळ नाही,” डेरेक म्हणाला.

मेव्हिसबाईंनी हात पुसले. “मग नवरी बाहेर येते तशाच वर नेऊ. सगळ्यांबरोबर. शालन, पहिली तुझी. जमेल?”

मी कधी सगळ्यांबरोबर घंटा वर नेली नव्हती. त्या माझ्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या. आमच्या सहा दोऱ्या एकदम हलल्या, आणि सुरुवातीला घंटा नुसत्या किणकिणल्या, जवळजवळ, घाईघाईनं, जशा पोरी दाराआडून हसतात. मग आवाज रुंद होत गेला, उंच होत गेला, आणि टॅमसिन दाराबाहेर पाऊल टाकत होती तेव्हा सहाही घंटा आभाळाकडे तोंड करून गर्जत होत्या. मेव्हिसबाई सहा बोटं मोजल्यासारखी हवेत हलवत राहिल्या.

जेवणाच्या वेळी टॅमसिन आजीच्या गळ्यात पडली. “आजी, त्या अशा हळूच उमलत गेल्या. हे तू माझ्यासाठी मुद्दाम ठरवलंस?”

“नाहीतर काय,” मेव्हिसबाई म्हणाल्या आणि रुमाल काढायला पर्स उघडली. रुमालाबरोबर चामड्याची एक टोपी केकच्या ताटाशेजारी पडली.

टॅमसिननं टोपीकडे पाहिलं, माझ्या साडीवरच्या वंगणाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. ती घंटा वाजवणाऱ्यांच्याच घरातली, तिला सांगायची गरज पडली नाही. ती इतकी हसली, की तिचा फुलांचा मुकुट डोळ्यावर आला.

“पण सहाच्या सहा वाजल्या,” मेव्हिसबाई म्हणाल्या.

“सहाच्या सहा,” टॅमसिन म्हणाली.

मेव्हिसबाईंनी टोपी पर्समध्ये कोंबली, केकचा सगळ्यांत मोठा तुकडा कापून माझ्या हातात दिला आणि सॉमरसेटच्या गावरान हेलात म्हणाल्या, “खाऊन टाक, पोरी.”