काट्यावरचं नाव

३ नोव्हेंबर, सोमवार. बुधवारी कारखान्याची मोळी पडणार होती, म्हणजे उसाचं गाळप सुरू. त्याआधी ऑफिसच्या सर्व्हरवरची सगळ्यांची खाती क्लाउडला जोडायची, हे काम माझ्याकडे होतं. नाव आणि पासवर्ड जुनेच. फरक एवढाच, की आता आत शिरताना ज्याच्या त्याच्या मोबाईलवर आकडा येणार आणि तो टाकावा लागणार.

माणूस गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद करायचं, हा नियम मीच केलेला. तो सगळ्यांना लावला, नवऱ्याला नाही. ते वजनकाट्यावर होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. काट्यावर तिन्ही पाळ्या पहिल्यापासून त्यांच्याच नावाने चालत. पाळी बदलली की खुर्चीतला माणूस उठायचा, खातं तेच राहायचं. बंद केलं तर काटा अडेल, असं मी साहेबांना सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. सकाळी ऑफिसात कॉम्प्युटर लावला की यादीत त्यांचं नाव दिसायचं: सहा वाजून चार मिनिटं, हजर. मग मी चहा घ्यायचे.

सोमवारी खाती जोडून झाली. दुपारी माझ्या पर्समध्ये त्यांचा मोबाईल वाजला. तो मी अजून चार्ज करून जवळ ठेवते. स्क्रीनवर सहा आकडे होते. पाठोपाठ काट्यावरून फोन.

"वैनी, दादांच्या नावानं आत घेईना झालंय. त्यांच्या मोबाईलवर आकडा पाठवलाय म्हनतंय. आता त्यो कुठनं आनायचा?"

"माझ्याकडे आहे."

"मग सांगा की! दादा गेलं तरी एकटंच तिन्ही पाळ्या करत्यात बगा."

"ए, गप की रं," मागून कुणीतरी त्याला दटावलं.

आकडा समोर होता. सांगितला असता तर हंगामभर, दर पाळीला, तो मोबाईल वाजत राहिला असता. मला तेच हवं होतं.

"आज साखरेच्या गाड्यांची वजनं कागदावर लिहा," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काट्यावर गेले. तिन्ही पाळ्यांच्या तिघांनाही बोलावून घेतलं होतं. प्रत्येकाचं वेगळं खातं उघडलं, त्याचा त्याचा मोबाईल जोडला. मग त्याच खुर्चीत बसून ह्यांचं खातं बंद केलं. ऑफिसात येऊन कॉम्प्युटर लावला. यादीत काट्यासमोर पहिल्या पाळीवाल्याचं नाव होतं, सहा वाजून बावीस मिनिटं. चहा घेतला.