ओंडक्यावरचा राक्षस

माझी नात आणि तिची कॉलेजातली दोस्तमंडळी रविवारी दुपारी आमच्या धाकट्या डहाणूच्या घरी जमतात आणि कागदावर लढाया करतात. मला ते रिकामटेकड्यांचं काम वाटायचं आणि मी तसं त्यांच्या तोंडावर बोलायचे. एका रविवारी त्यांच्यातला नरपडचा मुलगा आला नाही. घरच्यांनी त्याला चिकू उतरवायला ठेवून घेतलं होतं.

"आजी, तू बस त्याच्या जागी," नात म्हणाली.

"मला बोंबील काढायचेत काठ्यांवर वाळत घातलेले."

"बोंबील कुठं पळतायत? बस गो."

बसले. जमिनीवर चौकटी आखलेला मोठा कागद पसरला होता. मधोमध दरी, तिच्यावर आडवा टाकलेला एक ओंडका. मी म्हणजे एक शिंपला. नातीची तलवारवाली म्हणजे लाल बटण. तलासरीच्या मुलाचा तिरंदाज म्हणजे चिंचोका. अलीकडे एक लांडगा, पलीकडे राक्षस, म्हणजे बामच्या डबीचं झाकण. त्या दोघांना आशागडची मुलगी चालवत होती. सगळी गोष्ट तीच सांगायची.

नातीची तलवारवाली कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनची. आधीच्या लढाईत ती पार जायबंदी झाली होती. आता एकच घाव बसला की खलास. आणि मेली की मेली, पुन्हा उभी करायची नाही, असा त्यांचा नियम. नातीनं तिचं चित्र काढून भिंतीला लावलंय. सकाळपासून पोरीनं धड जेवण केलं नव्हतं.

सगळ्यांनी बऱ्याच बाजूंचा एक फासा टाकला. ज्याचं दान मोठं त्याचा नंबर आधी. माझं सगळ्यात मोठं पडलं.

मासे विकण्यात माझा जन्म गेला. बाजारात जी आधी पोचते ती सावलीची जागा धरते. मी शिंपला उचलला आणि चालता येतील तेवढी घरं चालवून थेट ओंडक्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला.

"आजी, अगं, एकटीच पुढं कशाला गेलीस?" तलासरीचा मुलगा ओरडला.

"माझा पहिला नंबर होता ना?"

"हो, पण आता बाकी सगळ्यांचे होईपर्यंत तुला हलता येणार नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लांडगा आला, मला चावला. मला बघत राहण्यावाचून काही करता येईना. तलासरीच्या मुलानं बाण मारून लांडगा लोळवला. मग नातीचा नंबर. तिच्यानंतर राक्षस.

तिनं लाल बटण माझ्या शिंपल्याशेजारी आणलं आणि म्हणाली, "मी थांबते. माझा नंबर राखून ठेवते."

"थांबतेस? तो समोर उभा आहे आणि तू थांबतेस?" मला राग आला.

"आजी, गप्प बस. तो ओंडक्याच्या मध्यावर आला की मी ओंडका ढकलणार. त्याच्या आधी नाही, नंतर नाही."

"आणि नाहीच आला तर?" आशागडची म्हणाली. "त्यानं तिथूनच तुझ्यावर धोंडा फेकला तर? तुझा नंबर फुकट जाईल."

"जाईल. आणि मी मरेन."

मी होडी उलटताना पाहिली आहे. जाळं निसटतं, माणूस ओरडतो, पाणी आत येतं, सगळं एकदमच. नंबर कुणाला मिळत नाही. इथं या पोरांनी तेवढाच एक क्षण घेऊन सुरमईसारख्या त्याच्या तुकड्या केल्या होत्या. आत काय काय असतं ते मी या वयात पहिल्यांदा पाहत होते.

आशागडच्या मुलीनं झाकण उचललं. धोंडा नाही. राक्षस ओंडक्यावर चढला. एक घर. आणखी एक घर. अजून त्याचं चालणं संपलं नव्हतं.

"आता!" नात म्हणाली.

आणि झाकण तिथंच थांबलं. पाऊल उचललेला राक्षस अधांतरी ठेवून ही पोरगी त्याच्या पावलाच्या आत शिरली होती. अर्ध्या पावलात एक अख्खं माणूस मावतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

ओंडका हलायला मोठं दान हवं होतं. तिनं फासा टाकला. तो कागदावरून घरंगळत भिंतीपर्यंत गेला. चौघंही गुडघ्यांवर रांगत गेलो. मीसुद्धा, दुखऱ्या गुडघ्यांनी.

"पडला!" तलासरीचा मुलगा किंचाळला. "राक्षस पडला!"

आशागडच्या मुलीनं झाकण उचलून कागदाबाहेर ठेवलं. नात हसली नाही, ओरडली नाही. लाल बटणावर नुसतं बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "भूक लागली."

"आधी फेरी पुरी करू," आशागडची म्हणाली. "आजी, तुझा नंबर. कुठं जातेस?"

"कुठं नाही," मी म्हटलं. "जरा बघू दे."