बारा ते दोनचा वॉच

गॅसच्या शेगडीला 'प्लांट' आणि पातेल्याला 'युनिट' म्हणणारा माणूस साऱ्या सिंगापूर बेटावर एकच असेल, आणि तो क्वीन्सटाउनला बरोबर माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहत होता. सगळी हयात बोटींच्या इंजिनरूममध्ये काढून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ. मी त्यांना साहेब म्हणायचो. लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटले तेव्हा नाव-गाव काही न विचारता त्यांनी थेट विचारलं, "बीफ खातोस का?" मी जरा अवघडून नाही म्हटलं. "उत्तम," ते म्हणाले. "मग शनिवारी बाराला वर ये."

शनिवारचा त्यांचा पदार्थ ठरलेला होता. कुठल्याशा बोटीवरच्या फिलिपिनो कुकने शिकवलेला. बीफचे जाड तुकडे, भरपूर कांदा, आलं, सोया सॉस, चक्रीफूल आणि साहेबांची स्वतःची भर म्हणून कोल्हापुरी गुळाचा खडा. दहाला चढवायचं, अगदी मंद आचेवर रटरटू द्यायचं, दोनला उतरवून गरम भातावर ओतायचं. मात्र तेवढा वेळ पातेलं एकटं सोडायचं नाही. बोटीवर चार तासांचा असणारा वॉच, म्हणजे राखणीची पाळी, त्यांनी घरी निम्म्यावर आणला होता. दहा ते बारा त्यांचा, बारा ते दोन माझा, आणि माझ्या वॉचमध्ये ते आत जाऊन झोपायचे. मी पोचलो की शेगडीपाशी ताठ उभे राहून चार्ज द्यायचे, "आच मंद, पाणी पुरेसं, तक्रार नाही." मी "घेतला" म्हणेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. रिलीव्हर आल्याशिवाय वॉच सोडायचा नाही, एवढा एकच नियम त्यांनी आयुष्यभर पाळला असावा. खाणारा माणूस मात्र या कामाला त्यांना चालत नसे. "तो चव बघायला झाकण उघडतो. तुला तो मोह नाही." दोन वाजता उठून आले की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पातेल्याला टेकवायचे, मुठीला कान लावायचे आणि बेअरिंगचा आवाज ऐकावा तसं ऐकून निकाल द्यायचे. निकाल पुष्कळदा चुकायचा. मग साहेब ते चिवट तुकडे निमूटपणे चावत बसायचे आणि मी समोर माझा वरण-भात जेवायचो. त्याचं पातेलं वेगळं, डाव वेगळा, वर तूप आणि लिंबाची फोड. बीफ खाणाऱ्या माणसाच्या हाताला इतकं साजूक वरण कसं येतं, याचं मला नवल वाटायचं.

एका शनिवारी पुण्याहून बायकोचा फोन आला. मुलीच्या शाळेसाठी दोघी तिकडे परतल्यापासून माझ्याही घरात शनिवारचं कुणी बोलायला नव्हतं, म्हणून मी गॅलरीत जाऊन बोलत राहिलो. परत आलो तर साहेब बनियनवर पातेल्यापाशी उभे. "बोटीवर असतास तर पुढच्या बंदरात उतरवला असता तुला," एवढंच म्हणाले. जेवताना मात्र माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही एकदासुद्धा उठली नाही रे. फोन वाजू दे, बेल वाजू दे."

साहेबांच्या बायकोला, काकूंना, जाऊन तीन वर्षं झाली होती, हे मला त्या दिवशी कळलं. त्या शुद्ध शाकाहारी. हा पदार्थ त्यांनी कधी जिभेवर ठेवला नाही, पण नवरा बोटीवरून घरी आला की बारा ते दोन त्याच स्टुलावर बसून शेंगा सोलत पातेलं राखायच्या आणि बरोबर वेळेला म्हणायच्या, "उठा, आवाज बदलला." "तिला स्क्रूड्रायव्हर लागत नव्हता," साहेब म्हणाले. वरण-भात कुणासाठी शिकले होते, ते मी विचारलं नाही.

पुढे त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मेलबर्नच्या मुलीने त्यांना तिकडे बोलावून घेतलं. शेवटच्या शनिवारी मी स्टुलावरून हललो नाही. दोनला थोडा अवकाश होता, आणि पातेल्यातली रटरट एकदम जड, संथ झाली. मी हाक मारली, "साहेब, उठा, आवाज बदलला." ते आले, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि न टेकवताच ओट्यावर ठेवून दिला. त्या दिवशी मांस चमच्याने तुटत होतं. साहेबांनी दोनदा भात घेतला आणि डोळे पुसले. तिखट तर त्यात औषधालाही नव्हतं.

परवा त्यांचा फोन आला होता. म्हणाले, "मुलगी म्हणते, प्रेशर कुकर लावा, पाऊण तासात होतं. होतं रे. पण उरलेल्या वेळाचं काय करू?"

जाताना साहेब ते पातेलं आणि स्टूल मला देऊन गेलेत. शनिवारी दहाला मी त्यात बीफऐवजी मटण चढवतो, ते मला चालतं; कांदा, आलं, चक्रीफूल, गूळ, सगळं तसंच. घड्याळात बारा वाजतात. आच मंद असते, पाणी पुरेसं असतं, तक्रार नसते. हे सांगायला समोर कुणी नसतं, म्हणून मी दोन वाजेपर्यंत तिथेच बसून राहतो.