कोरडं चाक

कोंडाजी लोहाराच्या दारातनं कोरडं चाक कधी बाहेर पडत नसे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवून झाली, की तो दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू देत नसे. आढ्याला टांगलेलं वंगणाचं वेळूचं नळकांडं स्वतः काढायचा, करंजेलात जळक्या चिंधीची काजळी कालवलेलं ते काळं वंगण बोटांनी चाकाच्या मधल्या तुंब्यात भरायचा, चाक गरकन फिरवून कान द्यायचा आणि मगच म्हणायचा, "न्या." कोरडं चाक दिलं तर बैलांचा तळतळाट लोहाराला लागतो, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलेलं. बापाचं गाव मुळशीच्या धरणात गेलं, तेव्हा बाप पौडला आला तो पाठीवर ऐरण आणि काखेत ते नळकांडं घेऊन.

माणूस बुटका, मानेला जाड, भुवया कायमच्या जळालेल्या. घणाच्या आवाजात जन्म गेल्यानं बोलणं खणखणीत. त्याची बायको साळूबाई म्हणायची, "ह्यांच्याशी गुपित बोलायचं म्हंजी गावात दवंडीच की."

त्या साली कोळशाचा धंदा करणाऱ्या हैबतरावांनी मिलिटरीच्या लिलावातली लॉरी आणली. डोंगरातल्या भट्ट्यांचा कोळसा बैलगाड्यांनी आणण्याचे दिवस संपले, असं ते चावडीवर सांगू लागले. लॉरीवर ड्रायव्हर देवू. मागं कोळशाच्या पोत्यांवर बसायला कातकरवाडीचा मंगळ्या. मंगळ्याचं काम उटी सांभाळायचं. उटी म्हणजे बाभळीचा पाचरीसारखा तासलेला ठोकळा. उतारावर लॉरी थांबली, की खाली उडी टाकायची आणि उटी चाकाखाली सारायची.

पावसाळ्यात रस्त्याचा चिखल झाला आणि लॉरी खळ्याकडेच्या छपरात उभी राहिली. हैबतराव देवूला म्हणाले, "बैल दाव्याला बांधतो तशी बांध. रातीची सुटून गेली म्हंजी?" देवूनं हँडब्रेक पार शेवटच्या दातापर्यंत ओढला. आमच्याकडचा पाऊस असा, की बरणीतलं मीठही रडतं. दसरा झाला, लॉरीला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, देवूनं गाडी चालू केली. ती पुढं सरकली खरी, पण मागची दोन्ही चाकं फिरेचनात. नुसती फरपटली.

"ड्रम धरल्यात आतनं," खाली वाकून देवू म्हणाला. "गंजानं ब्रेक चिकटला. ड्रम निघाल्याबिगर काय व्हायचं न्हाई."

"मंग काढ की."

"घणानं ठोकून बगितलं, मालक. हालत न्हाई. पुण्यास्नं मिस्त्री आणावा लागंल."

"मिस्त्री येस्तवर भट्टीवरचा कोळसा दवानं भिजंल. कोंडाजीला बोलवा."

कोंडाजीनं चाकं उतरवायला लावली, ओंडक्यांवर धूड पेललं आणि त्या गंजक्या ड्रमभोवती एक फेरी मारली. कडेकडेनं रॉकेल सोडलं. रात्रभर मुरू दिलं. सकाळी येऊन हातोडीनं टिचक्या मारल्या, कान लावला आणि त्याला हसू आलं.

"अरं, ही तर धावच हाय उलटी. धाव तापवून घालतो, ही तापवून काढायची."

त्यानं शेणाच्या गोवऱ्या मागवल्या, ड्रमच्या भोवतीनं गोल रचल्या आणि विस्तव घातला. हैबतराव धोतर सावरत मागं सरले.

"कोंड्या, लॉरी पेटवतुस का काय माजी?"

"पेटली तर कोळसा हितंच मिळंल, आबा. भट्टीवर जायला नगं."

सगळे हसले. टाकी आधीच रिकामी केलेली, ओली पोती हाताशी ठेवलेली. ड्रम तापला तसा कोंडाजीनं विस्तव ओढला आणि कडेनं फिरत हलक्या हातानं ठोकत राहिला, एकदा वर, एकदा खाली. मंगळ्या समोरनं पहार धरून होता. मग दात उपटावा तसा कर्रर्र आवाज झाला आणि ड्रम हातभर पुढं आला. लाल गंजाची भुकटी दोघांच्या तोंडावर उडाली. दुसराही तसाच निघाला. कोंडाजीनं दोन्ही ड्रम आतनं घासून लख्ख केले, ब्रेकच्या पट्ट्यांवरची खपली खरवडली. देवू जेवायला गेला होता. हैबतराव सावलीला पडले होते.

आणि कोंडाजीनं घरनं नळकांडं मागवलं.

पुन्हा गंजून धरायला नको, एवढंच त्याच्या मनात. आणि कोरडं चाक द्यायचं नाही, हे हातात. पट्ट्यांवरनं आणि ड्रमच्या आतनं त्यानं बोटानं वंगण फिरवलं, ड्रम चढवला, गरकन फिरवला. आवाज नाही. लोण्यासारखा.

"न्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी लॉरी डोंगराकडं गेली. कोंडाजी चहाच्या दुकानाच्या बाकावर बसून आदल्या दिवशीची हकीकत मोठ्यानं सांगत होता. पुण्याकडं निघालेल्या दुसऱ्या एका लॉरीचा ड्रायव्हर बशीत चहा ओतून ऐकत होता. गोवऱ्यांपाशी तो मान डोलावत होता. वंगणापाशी त्याची बशी थांबली.

"कशाला वंगण लावलं म्हनलास, मामा?"

"ब्रेकच्या पट्ट्यास्नी. आन ड्रमला आतनं."

"आरं, त्या पट्टीनं ड्रम धरायचा आस्तू! तेलाच्या हातानं मासा धरतुस का कधी? जाताना रिकामी हाय, चढ हाय, भागंल. पर येताना भरून येनार न्हवं ती?"

कोंडाजी उठला. हैबतरावांची घोडी लवळ्याला गेलेली. सायकल त्याला येत नव्हती. तो तसाच अनवाणी धावत सुटला. त्याला धावताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं; पोट धरून, हुंदडणाऱ्या रेड्यासारखा, वाटेत भेटेल त्याला ओरडत, "लॉरी दिसली का? भरलेली?" शेतातल्या बायका हसल्या. त्याला वाटत होतं, डोंगरवाटेवरच्या जांभळीच्या उताराच्या वर गाठली तर झालं. उताराच्या वर सपाटी होती. तिथं आडवं उभं राहायचं.

तो उताराच्या पायथ्याशी पोहोचला तेव्हा वरनं भोंगा ऐकू आला. थांबत नव्हता. एकसारखा वाजत होता.

वळणावरनं लॉरी आली ती नाक डावीउजवीकडं झुलवत. आत देवू उभा राहून पायानं ब्रेक दाबत होता. पोत्यांवरनं मंगळ्यानं उटीसकट उडी टाकली, लॉरीबरोबर चार ढांगा धावला आणि मागच्या चाकाखाली उटी सारली. उटी निसटली. त्यानं पुन्हा घातली, ह्या वेळी पाय देऊन. चाक उटीवर चढलं आणि पायावरही चढलं. लॉरी कडेच्या दरडीत नाक खुपसून थांबली. देवू जिवंत होता. कोळशाची पोती फुटून सगळा रस्ता काळा झाला होता, आणि त्या काळ्यावर जळक्या करंजेलाचा वास पसरला होता.

मंगळ्याचा पाय पुण्याच्या दवाखान्यात गुडघ्यावरनं काढला.

गाव म्हणालं, देवू प्यायला होता. देवू घ्यायचा, हे खरंच. त्या दिवशी घेतली नव्हती. कोंडाजी चावडीत उभा राहिला आणि आपल्या खणखणीत आवाजात म्हणाला, "चूक माजी हाय. म्या वंगण लावलं."

हैबतरावांनी सुपारी कातरायची थांबवली नाही. "खाली बस, कोंडाजी."

"आबा, म्या सांगतुया न्हवं..."

"तू सांगशील. फौजदार तुला न्हील. मंग सुगीला गावाच्या गाड्या कुणाच्या दारात उभ्या करायच्या? ड्रायव्हर काय, दुसरा गावंल."

"आन त्या मंगळ्याचा पाय?"

"त्यो तुज्या बोलन्यानं उगवनार हाय का?"

पानाचं तबक हातोहात पुढं सरकलं. सगळ्यांच्या गाड्या होत्या. देवूनं आपली पेटी उचलली आणि तो मुठ्याकडं कुठं तरी निघून गेला. जाताना कोंडाजीच्या दारावरनं गेला, पण आत पाहिलं नाही.

मंगळ्या बरा होऊन वाडीवर आला, तसा कोंडाजी त्याला जाऊन घेऊन आला. भाता ओढायला एक पाय पुरतो, म्हणाला. मंगळ्या रोज यायचा, काठी भिंतीला लावायचा, भात्याशी बसायचा. दोघांत कामापुरतं बोलणं. दिवाळी गेली, शिमगा गेला. एका दुपारी ऐरणीवरचा कुळवाचा पास तसाच निवत सोडून कोंडाजी म्हणाला,

"मंगळ्या, त्या ब्रेकला वंगण म्या लावलं व्हतं."

मंगळ्याचा हात थांबला नाही. "ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"वास आलता. चढावरच. देवूला म्हनलं, तुजी लॉरी बैलगाडीवानी वास मारतीया. तो हासला. मंग मीबी हासलो."

कोंडाजीनं हातोडा खाली ठेवला. "मंग उडी कशाला टाकलीस? पोत्यावरनं कडंला उडी मारून सुटला आस्तास."

"देवू आत व्हता न्हवं," मंगळ्या म्हणाला. आणि भाता ओढत, "पास गार झाला, मामा. घाला परत."

त्यानंतर कोंडाजीनं बरीच वर्षं धावा बसवल्या. त्या तशाच घट्ट, गावात कुणाची त्याबद्दल तक्रार नव्हती. पण वंगणाचं नळकांडं त्यानं आढ्यावरनं पुन्हा काढलं नाही. साळूबाईनं एकदा पुसून ठेवायला हात लावला, तर तो तिच्यावर असा ओरडला, की पलीकडच्या आळीत ऐकू गेलं. चाक तयार झालं की तो ते दाराबाहेर ढकलायचा आणि पाठ फिरवायचा. गाडीवान कुरकुरायचे, "कोंडाजी, कोरडंच देतुस व्हय रं?"

मग दोन बैल जुंपले जायचे, आणि ते कोरडं चाक करकरत, किंचाळत चढानं जायचं. पार खिंडीपर्यंत ऐकू यायचं. तोवर कोंडाजी हातोडा उचलायचा नाही, आणि मंगळ्या भाता ओढायचा नाही.